घाटाविना शर्यत : जयपूरच्या थंडीत पहिली क्रिटेरियम

मराठी सायकलस्वाराला शर्यत म्हटलं की घाट आठवतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि पुण्यात आजही सिंहगड किती मिनिटांत चढलास यावरून एकमेकांचा दम जोखला जातो. नोकरी-शिक्षणासाठी जयपुरात आलेला असा घाटवीर पहिल्यांदा क्रिटेरियमला उभा राहतो, तेव्हा बरेचदा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच घोळक्यातून मागे सुटतो. पायांत ताकद असते, पण ती त्याने एकेका वळणावर उधळलेली असते. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत पहिली क्रिटेरियम धावायचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी.

क्रिटेरियम म्हणजे वाहतूक बंद केलेल्या छोट्या वळसेदार मार्गावर ठरावीक फेऱ्यांची शर्यत. यूसीआय या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार फेरी ८०० मीटर ते १० किलोमीटर लांबीची असते. हौशी शर्यतींत ती साधारण एक-दोन किलोमीटरची, आणि एकूण वेळ अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत. बेल्जियम, नेदरलँड्समध्ये गावोगावी अशा शर्यती होतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिल गावची शर्यत १९४० पासूनची. जपानमध्ये सैतामा शहरात २०१३ पासून टूर द फ्रान्सच्या नावाने क्रिटेरियम भरते, तिचा पहिला विजेता ख्रिस फ्रूम. आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरनंतर रस्त्यावरच्या शर्यतींची ओढ वाढली असेल, तर सुरुवात करायला क्रिटेरियम सोयीची. घाट नको, सोबत गाडी नको, आणि घरची मंडळी एकाच कोपऱ्यावर उभी राहून सगळी शर्यत पाहू शकतात.

आधी शर्यत निवडा

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न विचारा. रस्ता पूर्ण बंद आहे का आणि पोलिसांची परवानगी आहे का? प्रत्येक वळणावर स्वयंसेवक आणि अडथळे असतील का? रुग्णवाहिका जागेवर असेल का? एक फेरी मागे पडलेल्यांचं काय करणार? पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर घरी थांबा. रस्ता बंद नसेल तर ती क्रिटेरियम नाहीच. सकाळच्या रहदारीत लावलेली ती पैज आहे.

गट निवडताना मोठेपणा नको. रोड बाइक, हायब्रिड, एमटीबी असे वेगळे गट असतील तर आपल्याच सायकलच्या गटात उतरा. ‘खुला’ गट दिसायला भारदस्त असतो, पण त्यात राज्य पातळीवरचे खेळाडूही येतात. राजस्थानात बीकानेरने राष्ट्रीय दर्जाचे अनेक सायकलपटू दिले आहेत. त्यांच्यापैकी कुणी सुरुवातीच्या रेषेवर दिसला तर शर्यत कोणत्या वेगाने सुटणार हे समजून घ्या.

वळणाचा हिशेब

या शर्यतीचं सगळं गणित वळणात आहे. समजा, फेरी १.२ किलोमीटरची, चार काटकोनी वळणं आणि तीस फेऱ्या. म्हणजे ३६ किलोमीटरमध्ये १२० वळणं.

पुढचे पाच-सहा जण वळणाला फारसे ब्रेक दाबत नाहीत. ताशी ४० वरून ते ३४ पर्यंत येतात आणि पुन्हा ४० गाठतात. मागच्यांना मात्र समोरचा मंदावला म्हणून मंदावावं लागतं, त्याच्या मागच्याला त्याहून जास्त. सिग्नल हिरवा झाल्यावर रांगेतली शेवटची गाडी हलायला जसा वेळ लागतो, तसंच. शेपटाकडचा स्वार २८ पर्यंत उतरतो आणि तिथून पुन्हा ४० गाठायला उभा राहून पेडल मारतो.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ३४ वरून ४० वर यायला सुमारे १,३७० ज्यूल ऊर्जा लागते आणि २८ वरून ४० वर यायला सुमारे २,५२०. हे काम पाच सेकंदांत उरकायचं, तर पुढच्याला वाऱ्याशी झुंजण्यापलीकडे २७५ वॅट जादा द्यावे लागतात आणि मागच्याला ५०० हून अधिक. तेही १२० वेळा. मागचा गडी शर्यतीच्या शेवटी फक्त गेलेला वेग परत मिळवण्यावर जवळपास दुप्पट ऊर्जा घालवून बसलेला असतो. सिंहगड त्याने कितीही लवकर चढलेला असो.

यातून दोन गोष्टी निघतात. घोळक्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात राहायचं, आणि वळणावर ब्रेक कमी वापरायला शिकायचं. पुढे जे काही सांगितलं आहे, ते या दोन गोष्टींसाठीच आहे.

जयपुरात सराव कुठे करायचा

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहराचे जुने रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. नकाशावर बडी चौपड, छोटी चौपड पाहिली की हे क्रिटेरियमसाठीच आखलं असावं असं वाटतं. तरी परकोट्याच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत सराव करू नका. ई-रिक्षा, हातगाड्या आणि मध्येच उभी गाय यांच्यात ताशी ३५ च्या वेगाला जागा नाही.

पहाटे जवाहरलाल नेहरू मार्गावर आणि जवाहर सर्कलभोवती सायकलवाले दिसतात. एकसारख्या वेगाने दम वाढवायला सर्कल ठीक आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखा. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे सर्कलला फिरताना तुम्ही सतत उजवीकडेच वळत असता. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर फिरलेल्यांचं नेमकं उलट होतं, कारण वेलोड्रोमवर सगळी वळणं डावीकडची. क्रिटेरियमच्या मार्गात दोन्ही बाजूंची वळणं येऊ शकतात, आणि जिची सवय नाही त्या बाजूला शरीर आखडतं. शिवाय गोल रस्त्यावर ब्रेक, गिअर, पुन्हा वेग हा क्रम घडतच नाही.

त्यासाठी रविवारी पहाटे सीतापुरा किंवा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राकडे जा. आपल्या एमआयडीसीसारखेच चौकोनी रस्ते, आणि सुटीच्या दिवशी मालमोटारी कमी. एक मोकळा चौकोन हेरा, आधी पायी फिरून खड्डे आणि वाळू पाहून घ्या, मग अर्धा वेळ उजवीकडून आणि अर्धा वेळ डावीकडून फेऱ्या मारा. रस्ता बंद नाही हे विसरू नका. पूर्ण वेग सरळ रस्त्यावर, आणि वळणावर समोरचं स्पष्ट दिसेल तेवढाच.

जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, धुकंही असतं. मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा लागलाच पाहिजे. संक्रांतीच्या आगेमागे पतंगांचा मांजा हा खरा धोका आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो पूर्ण हद्दपार झालेला नाही. त्या दिवसांत गळ्याला जाड बफ आणि डोळ्यांना चष्मा लावा, आणि आकाशात पतंग दिसू लागले की घरी परता.

वळण कसं घ्यायचं

ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी उरका. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर सायकल सरळ होऊ पाहते आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. हात खालच्या हँडलवर, कोपर सैल, नजर वळणाच्या शेवटाकडे. जिथे पाहाल तिथे सायकल जाते. कठड्याकडे पाहिलं तर कठड्याकडे.

बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार. आतला पाय वर. उजव्या वळणाला डावा पाय खाली. ताशी ३६ च्या वेगाने वीस मीटर त्रिज्येचं वळण घेताना सायकल सुमारे २७ अंश कलते, ४० च्या वेगाला ३२ अंश. एवढ्या कलात आतलं पेडल खाली असेल तर ते रस्त्याला घासून चाक उचलतं. सायकल पुन्हा उभी होऊ लागली की मगच पेडल सुरू करा.

एकटे असताना बाहेरून शिरून, आतल्या टोकाला स्पर्श करून पुन्हा बाहेर पडणं सर्वांत वेगवान. घोळक्यात मात्र हे करू नका. तिथे जी रेषा धरून शिरलात, तीच धरून बाहेर पडा. तुमच्या बाहेर कुणीतरी असतोच, आणि त्याच्याही बाहेर कठडा.

घोळक्यातली शिस्त

समोरच्याच्या मागे राहिल्याने ढोबळमानाने तीस टक्के मेहनत वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर फारच. आइंडहोव्हनचे संशोधक बर्ट ब्लोकन यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या आणि मागच्या भागात वाऱ्याचा रोध एकट्या स्वाराच्या ५ ते १० टक्क्यांवर आलेला दिसला. हौशी शर्यतीत वीस-तीस जण पसरून धावत असतात, त्यामुळे एवढा फायदा धरू नका. पण वारा एकट्याने खात बसणं कधीच परवडत नाही.

आपल्या पुढच्या चाकाची जबाबदारी आपली. ते समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसवून ठेवू नका. तो जरासा सरकला की पडता तुम्ही. नजर समोरच्या चाकावर खिळवू नका, दोन-तीन माणसं पुढे ठेवा. अचानक ब्रेक मारू नका. वेग जास्त झाला तर पेडल थांबवा आणि छाती जरा उंच करून वारा घ्या. पुढे सरकायचं ते सरळ रस्त्यावर, कुणाच्या तरी आडोशाने. वळणाच्या आतल्या बाजूने मुसंडी मारणं हा हौशी शर्यतींतला सर्वांत घातक खोडसाळपणा आहे.

खांद्याला खांदा लागला तर घाबरून दूर होणं जास्त धोक्याचं. एका मित्राला घेऊन गवताच्या मैदानावर चालण्याच्या वेगाने मुद्दाम कोपर, खांदे एकमेकांना लावून पाहा. अर्ध्या तासात भीती निम्मी होते. आणि इथे सूचना हिंदीतच ओरडा: ‘गड्ढा’, ‘लेफ्ट’, ‘लाइन पकड़ो’.

सहा आठवड्यांचा सराव

तुमच्याकडे चार-पाच महिन्यांची नियमित सायकलिंगची बैठक आहे असं धरून चालू.

मंगळवार : वीस सेकंद जोरात, चाळीस सेकंद हळू, असं आठ वेळा. पाच मिनिटं विश्रांती. असे दोन संच, तिसऱ्या आठवड्यापासून तीन. वळणानंतरच्या झटक्यांचा हाच सराव.

गुरुवार : रिकाम्या मैदानात किंवा पार्किंगच्या जागी पाण्याच्या बाटल्या मांडून वळणं, दोन्ही बाजूंची. शेवटी दहा वेळा थांबलेल्या स्थितीतून सुटायचं आणि क्लीट न पाहता पेडलमध्ये अडकवायची.

शनिवार : तासभर हलकं. 

रविवार : एक आठवडा गटाबरोबर लांब फेरी, उदाहरणार्थ टोंक रोडने चाकसूपर्यंत जाऊन परत, सुमारे ऐंशी किलोमीटर, पुढच्या आठवड्यात औद्योगिक क्षेत्रात चौकोनी फेऱ्या. नाहरगडचा चढ आवडत असेल तर जरूर चढा, पण चौकोनी फेऱ्यांचा दिवस त्यासाठी मोडू नका.

सहाव्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. झटके तेवढ्याच जोराचे, संख्या कमी.

सायकल

नवी महाग चाकं नकोत; चांगले टायर हवेत. कापलेला, चपटा झालेला टायर बदला, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी नवा चढवू नका. साठ-सत्तर किलोच्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा ठेवावी. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत दगडासारखी हवा भरली तर वळणावर पकड सुटते. थंडीत हवेचा दाब उतरतो, म्हणून सकाळी पुन्हा तपासा. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवंच. टाइम ट्रायलचे एरोबार काढून ठेवा; घोळक्याच्या शर्यतीत ते चालत नाहीत. घंटी, कुलूप, सामानाची पिशवी घरी.

शर्यतीची सकाळ

मार्ग आदल्या संध्याकाळी पायी फिरा. कोणत्या वळणावर झेब्राचे पांढरे पट्टे आहेत, कुठे कॅट-आय बसवलेत, कुठे कडेची वाळू रस्त्यावर आली आहे, हे सायकलवरून दिसत नाही. जयपुरात आणखी एक पाहायचं: कबुतरांना दाणे टाकण्याच्या जागा. अल्बर्ट हॉलसमोर सकाळी कबुतरांचे थवे असतात. रस्त्यावर सांडलेली ज्वारी छऱ्यांसारखी घसरवते आणि थवा एकदम उडाला की पुढचा दचकतो. अशी जागा मार्गात असेल तर आयोजकांना झाडून घ्यायला सांगा.

अडीच-तीन तास आधी साधं खा: पोहे, केळं, ब्रेड-जॅम. कांदा कचोरी शर्यतीनंतर. तासाभराच्या शर्यतीला एक बाटली पुरते.

तापमान आठ-दहा अंशांवर असताना थंड पायांनी सुरुवात करू नका. पहिल्या पाच फेऱ्याच सर्वांत वेगवान असतात. वीस-पंचवीस मिनिटं फिरा, शेवटी तीनदा अर्ध्या मिनिटाचा जोर लावा, आणि जॅकेट घालूनच रेषेकडे जा. दहा मिनिटं लवकर पोहोचा. पहिल्या दोन ओळींत जागा मिळाली तर शर्यतीतले कष्ट तिथेच कमी झाले.

शिट्टीपासून घंटेपर्यंत

सुटताच पुढच्या दहा-पंधरांत जा आणि तिथे टिका. ही जागा एकदा मिळाली की कायमची राहत नाही. दोन्ही कडांनी लोक पुढे येत असतात, आणि तुम्ही काहीच केलं नाही तर तीन फेऱ्यांत शेपटाला पोहोचता. म्हणून दर फेरीला दोन-तीन जागा पुढे सरकायचा नेम ठेवा. अगदी पहिला नंबर मात्र नको. पुढे आलात तर थोडा वेळ ओढा, मग मागे पाहून बाजूला व्हा.

मधल्या फेऱ्यांत बक्षिसाचे स्प्रिंट असतात. पहिल्या शर्यतीत त्यांच्या मागे लागू नका, पण ते झाल्यावर सावध राहा. जिंकणारे दमलेले असतात, बाकीचे क्षणभर एकमेकांकडे पाहतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी निसटतो.

पंक्चर झालं किंवा दुसऱ्याच्या पडण्यात अडकलात, तर बहुतेक शर्यतींत एक फेरी माफ असते; पंचांच्या ठिकाणी गेलात की ते तुम्हाला त्याच घोळक्यात परत सोडतात. शेवटच्या फेऱ्यांत ही सवलत नसते. तुमच्या शर्यतीत काय नियम आहे, हे सुरुवातीच्या सूचनांतच विचारा. घोळक्याने तुम्हाला एक फेरीने गाठलं आणि पंचांनी बाहेर यायला सांगितलं, तर हात वर करून कडेने बाहेर या. वाद घालू नका.

शेवटच्या तीन फेऱ्या

घंटा वाजते ती शेवटच्या फेरीला, पण शर्यत तिथपर्यंत बरीचशी ठरलेली असते. तीन फेऱ्या उरल्या की पुढच्या दहांत या. शेवटच्या वळणानंतर अंतिम रेषा दोनशे मीटरवर असेल, तर त्या वळणात पहिल्या चार-पाचांत शिरलेल्यांतूनच विजेता निघतो. स्प्रिंट दीडशे-दोनशे मीटरच्या आत सुरू करा, हात खालच्या हँडलवर, आणि सरळ जा. मागचा कुणी येतोय का हे पाहायला मान वळवली की सायकलही वळते. रेषा ओलांडल्यावर ब्रेक मारू नका. मागून पूर्ण वेगाने सगळे येत आहेत. जिंकलात तरी दोन्ही हात सोडून आनंद दाखवणं पुढच्या शर्यतीसाठी राखून ठेवा.

पडलात तर

उठायची घाई नको. आधी हात, पाय, मान हलवून पाहा आणि रस्त्याच्या कडेला सरका. डोकं आपटलं असेल, गरगरत असेल, मळमळत असेल किंवा आजचा वार आठवत नसेल, तर पुन्हा सायकलवर बसायचं नाही, कितीही ठीक वाटलं तरी. रुग्णवाहिका जागेवर नसेल तर १०८. खांद्याजवळच्या हाडात तीव्र दुखत असेल तर एक्स-रे काढाच. सायकलवरून पडल्यावर कॉलरबोन सहज मोडतं. खरचटलेलं पाणी आणि साबणाने स्वच्छ धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदला.

पहिल्या तीन शर्यतींसाठी

निकालाच्या यादीत नाव कितवं, याने पहिल्या वर्षी फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा असं ठरवा. पहिल्या शर्यतीत घोळक्याबरोबर शेवटपर्यंत टिकायचं. दुसरीत अर्धी शर्यत पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात काढायची. तिसरीत एकदा, फक्त एकदा, निसटून पाहायचं. प्रत्येक शर्यतीनंतर त्याच दिवशी लिहून ठेवा: कोणत्या वळणाला ब्रेक जास्त दाबला गेला, कोणत्या फेरीत जागा गमावली, आणि ती परत मिळवताना किती दम गेला. पुढच्या गुरुवारी मैदानात बाटल्या मांडायच्या, त्या याच वळणासाठी.